छोटा रोबोट : खेळणे की हुनर?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची भाची एक कागद घेऊन दुकानात आली. ती उर्दू हायस्कुलात नववीत होती. कागदावर मोटारी, चाके, तारा आणि काही इंग्रजी नावांची यादी होती. म्हणाली, "मामू, एवढे सामान आणून द्या. मला स्वतःच्या बुद्धीने चालणारी गाडी बनवायची आहे." तिचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, पॉवरलूमवर जॉबर आहेत. ते तेथेच बसले होते. त्यांनी हात झटकले. "भाईजान, खेळण्यावर दोन हजार घालण्याची आपली ऐपत नाही. शिवाय पोरगी इंग्रजीत कच्ची. हे आपल्या पोरांचे काम नव्हे."

पैशाची गोष्ट खरी होती. पण शेवटचे वाक्य आमच्या मनाला लागले. आम्हीही उर्दू माध्यमात शिकलो. तरुणपणी संगणकाच्या वर्गात जायचे म्हटले तेव्हा आम्हालाही हेच सांगण्यात आले होते. म्हणून सामान आणले, आणि रोज असरनंतर दुकानाच्या मागच्या खोलीत मामा-भाची बसू लागलो. दीड महिन्यात गाडी तयार झाली. त्यात जे समजले आणि जेथे चुकलो ते येथे कारागीर व व्यापारी बंधूंसाठी क्रमाने देत आहे. कदाचित तुमच्याही घरात असा कागद घेऊन कोणी उभे असेल.

रोबोट म्हणजे काय?

'रोबोट' हा शब्द झेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. झेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी. सिनेमात दिसतो तसा माणसाच्या आकाराचा पुतळा डोळ्यांसमोर आणू नये. ज्या यंत्रात तीन गोष्टी असतात तो रोबोट : बाहेरची स्थिती ओळखणे, तिच्यावरून निर्णय करणे आणि त्याप्रमाणे हालचाल करणे.

मागावर काम करणाऱ्यांना हे नवे नाही. आडवा धागा तुटला की काटा ते ओळखतो आणि माग थांबवतो. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ धातूची पट्टी लोंबते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचा जोड पुरा होतो आणि माग उभा राहतो. ओळखणे, ठरवणे आणि करणे ही तिन्ही कामे तेथे आहेत.

यंत्राला आधीच हुकूम लिहून देण्याची गोष्टही कापडाच्याच धंद्यातून पुढे आली. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४-०५ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बसवला. भोक असेल तेथे धागा उचलायचा, नसेल तेथे सोडायचा. त्याच्याही सहाशे वर्षे आधी, १२०६ साली, दियारबकर येथील अर्तुकी दरबारातील कारागीर अल-जजरी याने पन्नास यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात नावेत बसलेल्या वादकांचे एक यंत्र आहे. फिरत्या लाटेवर बसवलेल्या खुंट्या त्यांचे हात हलवतात. ग्रंथात मापे आणि कृती इतकी तपशिलाने दिली आहे की १९७४ साली डोनाल्ड हिल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केल्यावर आजच्या लोकांना ती यंत्रे पुन्हा उभी करणे सोपे झाले. ही हकीकत अभिमानाची खरीच. पण बापजाद्यांच्या नावावर दुकान फार दिवस चालत नाही. माल आपण ठेवावा लागतो.

हौशी माणूस घरी बनवतो त्या जातीचा पहिला रोबोट इंग्लंडात ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये बनवला. तीन चाकांवर चालणारी दोन यांत्रिक कासवे. ती प्रकाशाकडे वळत आणि कशाला धडकली तर बाजूने वाट काढत. आज मुले जी गाडी बनवतात ती त्याच कासवाची पुढची पिढी होय.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे हे सर्व सुटे मिळते. आम्ही घेतलेली पहिली यादी अशी :

१) आर्डुइनो उनो जातीचे एक बोर्ड.
२) गिअर बसवलेल्या दोन लहान पिवळ्या मोटारी. दुकानदार यांना 'बीओ मोटर' म्हणतात. सोबत ६५ मिलिमीटर व्यासाची दोन चाके.
३) पुढच्या बाजूला टेकण्यासाठी सर्व दिशांना फिरणारे एक छोटे चाक.
४) मोटार चालवणारे एक बोर्ड.
५) ध्वनीने अंतर मोजणारा एक सेन्सर आणि काळे-पांढरे ओळखणारे दोन सेन्सर.
६) चार्ज होणाऱ्या दोन बॅटऱ्या, त्यांचा डबा, चार्जर, बटन आणि तारा.

गाडीचा पाया म्हणून आम्ही प्लायवुडचा तुकडा वापरला. किरकोळीत सर्व मिळून सोळाशे रुपयांच्या आसपास खर्च आला. वीस-पंचवीस वस्तू एकत्र भरलेले तयार खोके दुप्पट भावाने विकतात. त्यातल्या निम्म्या वस्तू पहिल्या वर्षात लागत नाहीत. सुटे घ्यावे.

बोर्ड : गाडीचा मुनीम

आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेया गावच्या एका संस्थेत झाला. विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावे हा हेतू होता. त्याचा नकाशा सर्वांना खुला ठेवला आहे, त्यामुळे इतर कारखानेही तसेच बोर्ड बनवून विकू शकतात. स्वस्त मिळण्याचे हेच कारण. त्यावर हुकूम लिहिण्याची संगणकातील सोयही फुकट मिळते.

उनो बोर्डावर बाहेरच्या तारा जोडण्यासाठी १४ साधी टोके आहेत आणि कमी-जास्त दाब मोजणारी ६ टोके आहेत. स्मरण फार थोडे : हुकूम साठवण्यास ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबास फक्त २ किलोबाइट. मोबाइलपुढे हे काहीच नाही. परंतु पेढीच्या मुनिमाला सगळ्या शहराचा हिशेब ठेवायचा नसतो. हा मुनीम एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोक्यांनी काम करतो आणि एका गाडीस ते पुरून उरते.

ताकद आणि तिचा धोका

येथे पहिली चूक बहुतेक सर्वांची होते, आमचीही झाली. मोटार थेट बोर्डाला जोडू नये. बोर्डाच्या एका टोकातून सुमारे २० मिलिअँपिअरच प्रवाह निर्धास्त घेता येतो. ही छोटी मोटार अडकली तर अर्ध्या अँपिअरहून अधिक ओढते. मुनिमाने फक्त चिठ्ठी लिहावी, गाठोडे हमालाने उचलावे. मोटार चालवणारे बोर्ड हा तो हमाल होय. त्यात 'एल२९८एन' ही जात जुनी आणि भक्कम आहे, पण बॅटरीच्या दाबातले सुमारे दोन व्होल्ट ती स्वतः खाते. 'टीबी६६१२' ही नवी जात फार कमी खाते, त्यामुळे त्याच बॅटरीवर गाडी जास्त वेळ चालते. लहान मोटारींना हीच घ्यावी.

दुसरी चूक चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची. ती घड्याळ-रेडिओसाठी आहे, मोटारीला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. गाडी हलते, थांबते, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि मुले हुकुमात चूक शोधत बसतात. तिसरी चूक म्हणजे बॅटरीची, मोटार-बोर्डाची आणि आर्डुइनोची उणे तार एकत्र न जोडणे. तिन्ही एकत्र नसल्या तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येत नाही.

आता कापडाच्या व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. '१८६५०' नावाच्या लिथियम बॅटऱ्या चांगल्या आहेत. प्रत्येकी ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पण दोन टोके धातूने जोडली गेली, बॅटरी दबली किंवा चुकीच्या चार्जरवर राहिली, तर ती पेटते. आम्ही एका जुम्याला घाईत ती चार्जिंगला लावून नमाजला गेलो. परत आलो तेव्हा चार्जर हात लावता येणार नाही इतका तापला होता आणि दोन हातांवर साड्यांची गाठोडी रचलेली होती. अल्लाहने वाचवले. त्या दिवसापासून नियम केला : चार्जिंग कापडापासून दूर, फरशीवर, त्याच जातीच्या चार्जरने आणि कोणीतरी समोर बसलेले असतानाच. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांच्या खिशात ठेवू नये.

गाडी सरळ का जात नाही?

दोन चाकांची गाडी वळवण्यास सुकाणू लागत नाही. दोन्ही चाके सारखी फिरली तर सरळ, उजवे थांबले तर उजवीकडे, आणि एक पुढे एक मागे फिरले तर जागच्या जागी वळते. कागदावर हे इतके सोपे आहे. जमिनीवर ठेवली तेव्हा आमची गाडी दोन हात जाईपर्यंत डावीकडे भिंतीत गेली.

भाचीने दोन दिवस हुकूम बदलून पाहिले. तिसऱ्या दिवशी मेहुणे कामावरून येताना दुकानात डोकावले. त्यांनी गाडी उचलली, चाक बोटाने फिरवले आणि कान लावला. म्हणाले, "हे चाक डुगडुगते आहे, आणि मोटारी एका रेषेत नाहीत." खिशातून दोरा काढून त्यांनी दोन्ही चाकांच्या कडेला ताणून दाखवला. एक मोटार सुपारीभर तिरकी होती. स्क्रू ढिले करून बसवली, चाकात कागदाची पाचर घातली. गाडी बरीचशी सरळ जाऊ लागली. जे काम संगणकावर सुटत नव्हते ते तीस वर्षे माग जुळवलेल्या हाताने दहा मिनिटांत केले.

उरलेला फरक मोटारींचा. एकाच कारखान्यातल्या दोन मोटारी एकाच दाबावर अगदी सारख्या फिरत नाहीत. त्यावर उपाय चाक मोजण्याचा. ठाण मोजण्याच्या यंत्राचे चाक कापडावर फिरते आणि मीटर मोजते, तेच तत्त्व येथे आहे. मोटारीच्या आसावर २० खाचांची चकती बसवतात आणि तिच्या दोन बाजूंना प्रकाश देणारा व घेणारा डोळा ठेवतात. खाच गेली की एक नोंद होते. आपल्या चाकाचा घेर सुमारे २०४ मिलिमीटर, म्हणून एक खाच म्हणजे सुमारे १० मिलिमीटर चाल. डाव्याच्या नोंदी जास्त झाल्या तर डाव्याचा वेग थोडा कमी करावा. किती कमी? फरक जितका जास्त, तितकी दुरुस्ती जास्त. दुरुस्तीचे प्रमाण फार ठेवले तर गाडी नागमोडी चालते, फार थोडे ठेवले तर भिंतीत जाते. मधला आकडा ज्याने त्याने आपल्या गाडीवर, आपल्या फरशीवर काढावा.

गाडीचे डोळे

सेन्सर या विषयात सर्वाधिक मजा आहे, आणि कापडाच्या दुकानात तर आम्हाला पुस्तकात नसलेले धडे मिळाले.

पहिला, काळे-पांढरे ओळखणारा. हा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो आणि परत किती आला ते पाहतो. पांढरा पृष्ठभाग प्रकाश परत करतो, काळा गिळतो. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी विजेची चिकटपट्टी लावली की गाडी तिच्या मागोमाग जाते. आम्ही पैसे वाचवण्यासाठी पट्टीऐवजी काळ्या पॉलिस्टरची चिंधी चिकटवली. आपल्या डोळ्यांना कुळकुळीत काळी, पण सेन्सरला ती पांढरी दिसली! कारण असे की कापडावरचे अनेक काळे रंग दिसणारा प्रकाश गिळतात आणि अवरक्त प्रकाश परत फेकतात. विजेच्या काळ्या पट्टीत काजळीसारखा कार्बन असतो, तो दोन्ही गिळतो. तीस वर्षे काळे कापड विकले, पण काळ्यात असा फरक असतो हे आम्हाला या ऐंशी रुपयांच्या वस्तूने शिकवले. उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो, म्हणून हा सेन्सर खिडकीच्या उन्हात गोंधळतो. त्याला फरशीपासून बोटभर अंतरापेक्षा कमी उंचीवर, सावलीत बसवावा.

दुसरा, ध्वनीचा. 'एचसी-एसआर०४' या सेन्सरला दोन गोल तोंडे असतात. एक ४० हजार कंपनांचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडते, दुसरे त्याचा प्रतिध्वनी ऐकते. वटवाघूळ असेच करते. २० अंश उष्णतेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून भिंत २० सेंटिमीटरवर असेल तर जाऊन येण्यास सुमारे ११६६ मायक्रोसेकंद लागतात. मिळालेल्या वेळेला ५८ ने भागले की सेंटिमीटर निघतात. मेहुण्यांनी हा हिशेब पाटीवर स्वतः करून पाहिला आणि मगच विश्वास ठेवला. मे महिन्यात दुकानात ४० अंश असताना आवाज अधिक वेगाने जातो आणि एक मीटरचे अंतर सुमारे साडेतीन सेंटिमीटर कमी दिसते. घाबरू नये, हिशेबात सुधारावे.

याची पोच २ सेंटिमीटरपासून ४ मीटरपर्यंत सांगितली जाते, पण ती सपाट, कठीण आणि समोरच्या भिंतीसाठी. आमची गाडी भिंतीपुढे नीट थांबे आणि मखमलीच्या गाठोड्यात सरळ घुसे. मऊ कापड आवाज गिळते, प्रतिध्वनी परतच येत नाही. तिरकी फळी आवाज दुसरीकडे फेकते, तेथेही हीच गत.

तिसरा, नवा. 'व्हीएल५३एल०एक्स' हा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा २०१६ पासून बाजारात आला. तो अवरक्त लेसर किरण सोडतो आणि किरण परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो. असा वेळ मोजणारी वस्तू शाळकरी मुलांच्या हातात काही शे रुपयांत यावी, ही अल्लाहने माणसाला दिलेल्या अक्कलेची कमाल आहे. हा किरण डोळ्यांना इजा न करणाऱ्या वर्गातला आहे. पोच दोन मीटरपर्यंत. मखमलीचे गाठोडे याला दिसले. मात्र कडक ऊन आणि प्रकाश गिळणारी काळी वस्तू यांपुढे पोच पुष्कळ कमी होते, आणि स्वच्छ काचेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आम्ही दोन्ही बसवले. ध्वनी किंवा लेसर, दोघांपैकी कोणीही 'अडथळा' म्हटले की थांबायचे. दोन साक्षीदार असले तर फसगत कमी.

एक बारीक अडचण : असे दोन लेसर सेन्सर एकाच तारेवर जोडले तर दोघांचा पत्ता एकच असतो, जणू एका गल्लीत एकाच नावाचे दोन घरमालक. चिठ्ठी कोणाला द्यावी? उपाय असा की सुरुवातीला एकाला बंद ठेवावे, दुसऱ्याला नवा पत्ता द्यावा, मग पहिल्याला उठवावे. बंद ठेवण्याचे टोक सेन्सरवरच दिलेले असते.

हुकूम लिहिणे

'प्रोग्रामिंग' हा शब्द ऐकून पालक घाबरतात. भाषा इंग्रजी अक्षरांतली आहे हे खरे. पण पहिल्या गाडीस लागणारे शब्द मोजले तर वीसच्या आत भरतात. भाचीने वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत अर्थ असे पान करून भिंतीला लावले. आठ दिवसांत पानाची गरज उरली नाही.

हुकुमाचे दोन भाग. पहिला 'सेटअप' : दुकान उघडल्यावर एकदाच करायचे काम. कोणत्या टोकाला काय जोडले आहे ते येथे सांगतात. दुसरा 'लूप' : दुकान चालू आहे तोवर पुन्हापुन्हा करायचे काम. आमचा लूप मराठीत मांडला तर असा :

समोरचे अंतर मोज.
अंतर २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोन्ही चाके पुढे.
नसेल तर थांब, थोडी मागे ये, डावीकडे व उजवीकडे पाहा.
जिकडे जागा जास्त तिकडे वळ.
पुन्हा पहिल्या ओळीवर जा.

वेग ० ते २५५ या आकड्यांत सांगतात. २५५ म्हणजे पूर्ण. पण ६० म्हटले तर चौथाई वेग मिळेल असे नाही. इतक्या थोड्या जोरावर चाक बहुधा हलतच नाही, फक्त मोटार कुंई करते.

येथे आम्ही अडलो ती गोष्ट सांगतो, कारण तीत पुष्कळ मुले अडतात. हुकुमात 'डिले' म्हणून एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'इतका वेळ काही करू नकोस'. भाचीने 'पुढे जा, एक सेकंद थांब, मग पाहा' असे लिहिले. गाडी अंतर पाहण्याआधीच धडके. हिशेब केला : चाक मिनिटाला २०० वेळा फिरले तर गाडी सेकंदाला सुमारे ६८ सेंटिमीटर जाते. म्हणजे त्या एका सेकंदात ती पाऊण मीटरच्या आसपास डोळे मिटून चालत होती. त्याऐवजी बोर्डातील घड्याळ पाहावे : 'मागच्या वेळी पाहिल्याला सेकंदाचा विसावा भाग झाला का? झाला असेल तर पुन्हा पाहा, नसेल तर दुसरे काम कर.' विसाव्या भागात गाडी फक्त साडेतीन सेंटिमीटर जाते. चांगला मुनीम एका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत बसत नाही, दारावरही नजर ठेवतो.

दुसरी सवय अशी लावावी की एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी चालवून पाहावी. चार बदल एकदम केले आणि बिघडले तर कोणत्या बदलाने बिघडले हे कळत नाही.

आडवी चालणारी चाके

गाडी चालू लागल्यावर भाचीने ईदीच्या पैशांतून नवी चाके आणली. यांना 'मेकॅनम' म्हणतात. १९७० च्या दशकात स्वीडनच्या बेंग्ट इलोन या अभियंत्याने ही शोधली. चाकाच्या घेरावर लहान रूळ बसवलेले असतात आणि प्रत्येक रूळ ४५ अंशांत तिरका असतो. अशी चार चाके आणि चार मोटारी लागतात. चाक फिरले की ते गाडीला सरळ न ढकलता तिरके ढकलते. चार हमाल एक गाठ चार कोपऱ्यांतून तिरकी ओढत आहेत असे समजावे. चौघांचे बळ ज्या दिशेने एकमेकांविरुद्ध पडते तेथे ते कटते, ज्या दिशेने मिळते तिकडे गाठ सरकते.

चारही पुढे फिरली तर गाडी पुढे. पुढचे डावे व मागचे उजवे पुढे, आणि उरलेली दोन उलटी फिरवली, तर गाडी तोंड न वळवता सरळ उजवीकडे आडवी सरकते. अरुंद जागेत हे फार सोयीचे. बसवताना एक काळजी घ्यावी : दोन चाके डाव्या हाताची आणि दोन उजव्या हाताची असतात. कोपरा-कोपरा एका जातीची यावीत, आणि वरून पाहताना रूळांची ठेवण फुलीसारखी दिसावी. आमची उलट बसली होती. गाडी आडवी जाण्याऐवजी जागेवर कुथत राहिली.

तोटेही सांगितले पाहिजेत. मोटारी दुप्पट, बॅटरी लवकर संपते, खडबडीत जमिनीवर काम बिघडते. चाके घसरत चालत असल्याने खाचा मोजून काढलेले अंतर विश्वासाचे राहत नाही. आणि आपल्या धंद्यातला खास शत्रू म्हणजे सूत. दुकानातले धागे आणि रोंवा रुळांत गुंडाळले जातात आणि दोन दिवसांत चाक जाम होते. शिलाई उसवण्याच्या हत्याराने ते साफ करावे लागते. शिकणाऱ्याने आधी दोन चाकांवर हात बसवावा, मगच इकडे वळावे.

दोन चाकांची पद्धत लहान मुलांची आहे असेही समजू नये. अमेरिकेतील किवा नावाच्या कंपनीने गोदामात कपाटे उचलून नेणारी यंत्रे बनवली, ती दोन चालत्या चाकांवरच जागच्या जागी वळत आणि फरशीवरच्या खुणा वाचत. २०१२ साली अ‍ॅमेझॉनने ती कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली. भिवंडीच्या आजूबाजूला किती मोठी गोदामे उभी राहिली आहेत हे आपण पाहतोच. तेथे उद्या अशी यंत्रे फिरतील तेव्हा त्यांची दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यासाठी आहे.

मग रोजी मिळते का?

खरे सांगावे तर गाडी विकून कोणी पोट भरणार नाही. यात मिळते ती दुसऱ्या कामाची चावी. नव्या मागांवर धागा तुटल्याचे ओळखणारे प्रकाशाचे डोळे असतात, शिलाईच्या नव्या यंत्रांत मोटार चालवणारी बोर्डे असतात. ती बिघडली की मालक बाहेरून माणूस बोलावतो आणि तो येईपर्यंत काम बंद ठेवतो. ज्याने स्वतः सेन्सर जोडला आहे तो निदान इतके सांगू शकतो की डोळ्यावर धूळ बसली आहे, तार तुटली आहे की बोर्ड गेले आहे. मात्र एक ताकीद. ही गाडी सात-आठ व्होल्टवर चालते, माग आणि शिलाई-यंत्रे २३० व्होल्ट किंवा त्याहून अधिकवर. जाणकार उस्तादाजवळ उमेदवारी केल्याशिवाय तेथे मुलांनी हात घालू नये.

शाळांसाठी सरकारची एक योजना आहे, तिची माहिती आपल्या संस्थाचालकांना कमी दिसते. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' सुरू केल्या. निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरवले गेले. अशा दहा हजार प्रयोगशाळा देशात झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजार उघडण्याची घोषणा झाली. पालकांनी मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारावेत : आपल्या शाळेत ही खोली आहे का? असेल तर तिचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते?

ज्यांच्या शाळेत नाही त्यांनी मोहल्ल्यात चार-पाच घरे मिळून एक संच घ्यावा. मोटार भरणारा, घड्याळजी, सुतार, जॉबर असे कोणी ना कोणी शेजारी असतेच. मुलांना हुकूम लिहिता येतो, त्यांना चाक बसवता येते. दोघांना एका बाकावर बसवावे.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. ती दुकानाच्या कपाटावर आहे, गिऱ्हाइकांची मुले तिच्याशी खेळतात. पण तिच्यावरचा खाचा मोजणारा डोळा आता तेथे नाही. तो मेहुण्यांनी काढून नेला. मालकाच्या परवानगीने ते मागावर आडव्या धाग्यांची मोजणी करणारा काउंटर बसवून पाहत आहेत, भाची हुकूम लिहून देते. रोंवा बसला की तो अजून चुकतो, म्हणून त्याला झाकण करणे चालू आहे. जमले तर याच पानावर कळवू, इन्शाअल्लाह.